कुपीवरचा लाल ठिपका

१

जी बशी विझायला नको होती, ती विझली.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शेजारी माझी बायको उल्का, आणि समोर मंचावर तिची नागपूरची भाची अक्षरा. सभागृहात एक मंद लाल दिवा सोडला तर मिट्ट काळोख होता. मोठ्या पडद्यावर काचेच्या दोन बशा दिसत होत्या, दोन्ही हिरवट चमकणाऱ्या. ही चमक जिवाणूंची. जखमा चिघळवणारे हे जिवाणू मुद्दाम अशा रीतीने वाढवले होते, की जिवंत आहेत तोवर चमकायचं आणि मेले की विझायचं. अक्षरानं त्यांना मारणारं औषध बनवलं होतं, पण कुलूप घातलेलं. जांभळा प्रकाश पडला की कुलूप उघडायचं. अंधारात ते औषध नुसतं पाणी. डॉक्टरांनी जखमेवर प्रकाश टाकला तर तिथलेच जिवाणू मरतील, पोटातल्या बिचाऱ्या चांगल्या जिवाणूंना धक्का लागणार नाही.

मी मेकॅनिकल इंजिनियर. केमिस्ट्रीशी माझं शाळेतच फाटलं. तरी एवढं मला पाठ आहे, कारण या भाषणाची तालीम उन्हाळाभर आमच्या गावी, व्हिटबीला, किचनमध्ये चालली होती आणि श्रोता म्हणून मला ओट्याशी बसवलेलं असायचं. रासायनिक जीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद ग्वेल्फला भरते आहे, जगभरातून माणसं येणार आहेत, हे ऐकून माझे कान किटले होते. त्यासाठी मी विंटर टायर्सची अपॉइंटमेंटही सोडली होती.

अक्षरानं दोन्ही बशांत एकेक थेंब टाकला. उजव्या बशीवर जांभळा प्रकाश पडला. ती विझली. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

आणि डावी बशी, अंधारातली, तीही विझली.

दिवे लागले. मागून एक सभ्य आवाज आला, "म्हणजे कुलूप नाहीच का?" कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अक्षरा हातातल्या टिश्यू पेपरकडे बघत उभी होती. करंगळीएवढी ती औषधाची कुपी तिनं प्रयोगाआधी नियमाप्रमाणे साबण-सोड्याच्या पाण्याने पुसली होती, लाल उजेडात. आता पांढऱ्या उजेडात तो टिश्यू लाल दिसत होता. कुपीच्या पांढऱ्या टोपणावरही एक लाल ठिपका होता.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "कोणीतरी माझ्या कुपीला हात लावलाय."

२

शेजारच्या खोलीत सगळे जमले. परिषदेच्या अध्यक्ष डॉ. फियोना मॅकलिन, उंच, करड्या केसांच्या, बोलायला सौम्य. अक्षराचे प्रोफेसर संजय टेंबे. मॉन्ट्रियलचा लोराँ, जो अक्षरासारख्याच कुलपांवर काम करतो आणि ज्याचं भाषण उद्या होतं. प्रकाशाचं यंत्र पुरवणारा शंतनु, मूळचा पुण्याचा, वॉन शहरातल्या एका वेअरहाऊसमधून हा डोलारा ट्रकने घेऊन आलेला. आणि आम्ही दोघं, निव्वळ नातेवाईक.

निव्वळ म्हटलं खरं, पण उल्का हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये उभा जन्म घालवून रिटायर झाली आहे. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे आपापल्या घरून पदार्थ आणायच्या जेवणात, कोणाचं झाकण कोणाच्या घरी गेलं, हेही तीच शोधून काढते. तिच्या नाकासमोर लाल ठिपका आला म्हणजे आता घरी जाणं नाही, हे मी ओळखलं.

"नमुने ठेवायच्या फ्रिजला आकड्यांचं कुलूप आहे," डॉ. मॅकलिन म्हणाल्या. "आकडे चौघांना ठाऊक. मी, अक्षरा, प्रोफेसर टेंबे आणि लोराँ, कारण त्याचेही नमुने तिथेच आहेत."

"आणि त्याचे नमुने कुठल्या रंगाचे आहेत?" अक्षरानं विचारलं. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. लोराँ लाल रंगद्रव्य वापरायचा. भडक लाल.

लोराँचा चेहरा कानापर्यंत तापला. "मे नों! छे, मी कशाला?"

"लोराँला यात ओढू नका," प्रोफेसर टेंबे एकदम म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला होता. "कोणावरच आरोप नकोत. कधीकधी औषधाचा रेणू चालत नाही. दॅट्स सायन्स."

हे ऐकून अक्षरानं त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की मलाच कसंतरी झालं. स्वतःच्या गुरूनं असं म्हणावं?

संजय टेंबेला मी तीस वर्षं ओळखतो. मंडळात त्याच्याइतका कट्टर विज्ञानवादी दुसरा नाही. गणपतीच्या आरतीला हा बाहेर पार्किंग लॉटमध्ये उभा राहायचा. राहणीही पुरी साहेबी, पुरणपोळीसुद्धा काट्या-चमच्याने खातो. त्याची बायको नीलिमा मात्र देवभोळी आणि लाघवी. संजयचं कुठेही भाषण असलं की आदल्या संध्याकाळी तिचा उल्काला फोन ठरलेला, "साखर ठेवलीय गं देवापुढे. तू पण मनात म्हण." मग हा मागून ओरडायचा, "साखरेनं पेपर ॲक्सेप्ट होत नाहीत!" गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि पहिल्या बर्फात नीलिमा गेली. तेव्हापासून संजयचं मंडळात येणं बंद झालं.

डॉ. मॅकलिन म्हणाल्या, "अक्षरा, मला वाईट वाटतंय. उद्या दुपारी समारोप आहे. तोवर कारण सापडलं तर मी तुला पुन्हा मंच देईन. नाही सापडलं, तर परिषदेच्या वृत्तांतात 'दावा सिद्ध झाला नाही' असं छापलं जाईल."

बाकीचे गेले. अक्षरा खुर्चीत बसून राहिली.

"चार वर्षं, मावशी. हे छापून आलं की मला कोण उभं करेल? पण ते जाऊ दे." तिनं डोळे पुसले. "मी खोटं बोलले नाही गं. लॅबमध्ये प्रत्येक वेळी डावी बशी चमकत राहिली. पण आता मलाच वाटायला लागलंय, की मीच काहीतरी चुकीचं बघत होते."

उल्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळली. "अहो, तो टिश्यू द्या इकडे. आणि त्या शंतनुला गाठा. फॉइलबद्दल तो काहीतरी पुटपुटत होता, ऐकलंत का?"

मी कुठलं ऐकायला!

३

शंतनु त्याच्या यंत्राशी वायरी गुंडाळत होता. यंत्राच्या पुढच्या बाजूला हळद-कुंकवाची दोन ठसठशीत बोटं उमटलेली होती. खंडेनवमीची असावीत.

"मशीन परफेक्ट आहे हं काका," तो आधीच म्हणाला. "लाइट लीक वगैरे काही नाही. मॅकलिन मॅडमनी स्वतः चेक केलं."

"तुझ्यावर कोणी घसरलेलं नाही," उल्का म्हणाली. "फॉइलचं काय म्हणत होतास?"

"अहो, कुपी फॉइलमध्ये गुंडाळलेली असते ना, उजेड लागू नये म्हणून. अक्षरा नवीन फॉइल घेते आणि एकदाच लपेटते, एकदम स्मूथ. रिहर्सलला मी दहादा पाहिलंय. आज सकाळी तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा फॉइल चुरगळलेली होती. उघडून परत लावल्यासारखी. मला वाटलं, नर्व्हस असेल पोरगी."

"आणि ही हळद-कुंकवाची बोटं?"

शंतनु लाजला. "आमच्या वेअरहाऊसमध्ये दसऱ्याला सगळ्या मशिन्सना लावतो आम्ही. टेंबे सरांनी परवा पाहिलं आणि चारचौघांत धुतलं मला. 'वीज हळदीवर चालते का रे?' म्हणाले. मी पुसायला लागलो तर तेच म्हणाले, राहू दे, राहू दे. आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले."

लोराँ आम्हाला कॉफीच्या टेबलाशी भेटला. तो चिडला नव्हता, दुखावला होता. हा पोरगा मला तिथल्या तिथे आवडला.

"मॅडम, काल संध्याकाळी मी माझे नमुने बघायला फ्रिज उघडला. अक्षराची कुपी तिथे नव्हतीच. मला वाटलं, तिनं नेली असेल. सकाळी आलो तर जागेवर होती."

"हे आत कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोण विश्वास ठेवणार? माझ्यावर संशय, आणि मीच म्हणणार, कुपी नव्हती!" त्यानं खांदे उडवले. "पण माझ्या रंगाचा तो डाग नाही. माझा रंग गुलाबीकडे जातो. हा विटकरी आहे."

"तुमचा रंग आंबट पदार्थानं बदलतो का हो?"

"नाही. ॲसिड घाला, सोडा घाला, ढिम्म हलत नाही. म्हणून तर मी तो वापरतो."

उल्कानं चहासाठी ठेवलेल्या लिंबाच्या फोडींकडे पाहिलं. एक उचलली. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला टिश्यू काढला आणि त्या लाल डागावर लिंबू पिळलं.

४

लाल रंग आमच्या डोळ्यांदेखत गेला. उरला पिवळा. स्वच्छ, ओळखीचा पिवळा.

लोराँ वाकून बघायला लागला. मी तर नुसता वासच घेतला. लिंबाच्या वासाखाली दुसरं काही कळलं नाही, पण रंग कळायला वासाची गरज नव्हती. आमच्या घरातल्या दह्याच्या प्रत्येक रिकाम्या डब्याला तो लागलेला आहे. आमटी ठेवली की डबा जन्मभर पिवळा.

"हळद," मी म्हणालो.

"हळद," उल्का म्हणाली. "सोडा लागला की लाल, आंबट लागलं की परत पिवळी. आमच्याकडे हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे, लोराँ. आमच्या आज्यांचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल ते. टोपणावर हळद आधीपासून होती. पुसट, कुणाच्या लक्षात न येणारी. अक्षरानं सोड्याचं पाणी लावलं आणि ती लाल झाली. तुमच्या रंगाचा काही संबंध नाही."

लोराँनं हुश्श केलं आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. आवाज ऐकून पलीकडे उभ्या असलेल्या डॉ. मॅकलिन आणि संजय जवळ आले होते. अक्षराही आली.

"म्हणजे भारतीय जेवणाचा डाग," डॉ. मॅकलिन म्हणाल्या. "मग अक्षरा, तुझ्याच हाताचा असू शकतो."

झालं! लोराँ सुटला आणि पोरगी अडकली. मला उल्काचा असा राग आला की विचारू नका. कशाला हवं होतं ते लिंबू?

"मी काल दिवसभर मफिन खाल्लं," अक्षरा म्हणाली. "पोटात दुसरं काही जातच नव्हतं. आणि ग्लव्हज काढलेच नाहीत."

"मला टोपण बघू दे," उल्का शांतपणे म्हणाली. तिनं चष्मा कपाळावर ढकलून कुपी डोळ्यांशी नेली. "जेवलेल्या हातानं कुपी उघडली तर डाग कुठे पडेल? कडेला. टोपण आपण कडेनं फिरवतो. हा ठिपका वर आहे, अगदी मधोमध, गोल. तिथे बोट टेकवून कोणी काही उघडत नाही."

"मग तिथे बोट कशाला लागेल?" डॉ. मॅकलिननी विचारलं.

उल्का उत्तर देणार होती. पण तिची नजर संजयवर गेली आणि ती थांबली. संजय टेबलावरून कॉफीचा कप उचलत होता. त्याच्या हातून कॉफी बशीत सांडली. त्यानं कप तसाच ठेवला, "एक्स्क्यूज मी, मला बरं वाटत नाही," म्हणाला आणि कोट न घेताच बाहेर पडला. बाहेर चांगलीच थंडी होती.

"उद्या सकाळी सांगते," उल्का डॉ. मॅकलिनना म्हणाली. "तुमची वेळ दुपारची आहे ना?"

मग मला म्हणाली, "त्याचा कोट घ्या. आपल्याला तो द्यायला जायचंय."

५

गाडीत बसल्या बसल्या मी तोंड सोडलं. "संजय? अगं, तो माणूस देवाचं नाव ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखा करतो! हळद-कुंकू लावायचंच म्हटलं तर शंतनु आहे ना समोर."

"शंतनुला फ्रिजचे आकडे माहीत नाहीत."

"मग संजयच्या जेवणातली हळद असेल."

"संजय पोळीसुद्धा काट्यानं खातो. तुम्हीच दर वेळी नक्कल करून दाखवता ना?" ती हातमोजे घालत म्हणाली. "कप उचलताना त्याचा उजवा हात बघितलात का? एकाच बोटाचं नख पिवळं होतं. करंगळीशेजारचं. त्या एका बोटानं कोणी जेवत नाही हो. त्या बोटानं आपण फक्त एक गोष्ट करतो."

मी गाडी सुरू करायची विसरलो. अनामिका. देवाला गंध लावायचं, हळद-कुंकू वाहायचं बोट.

"पण त्यानं अक्षराचं वाटोळं का करावं?"

"वाटोळं करायचं असतं तर हळद कशाला लावली असती?" उल्का म्हणाली. "मला एकच कोडं सुटत नाहीये. संजयला ठाऊक आहे की उजेड लागता कामा नये. तो एवढा बावळट नाही. मग कुलूप उघडलं कशानं?"

६

संजयनं दार उघडलं. आम्हाला बघून त्याला नवल वाटलं नाही. त्यानं कोट घेतला, आणि तो हातातच धरून सोफ्यावर बसला.

"चहा टाकू?" त्यानं विचारलं.

"नंतर," उल्का म्हणाली. "संजय, नीलिमाच्या देवांना नमस्कार करून येऊ का?"

त्यानं कोट सोफ्यावर ठेवला. मग उठला.

वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत कोटांचं क्लोजेट आहे, आत शिरता येईल एवढं भिंतीतलं कपाट. इकडच्या घरांत देवांना खोली कुठली मिळायला! नीलिमानं त्या क्लोजेटचा अर्धा भाग अडवून देव मांडले होते आणि उरलेल्या अर्ध्यात हिवाळी कोट. संजयनं क्लोजेटचं दार उघडलं. खिडकीतला उजेड आत पडला. छोटा लाकडी देव्हारा, समई, हळद-कुंकवाची कोयरी. कोयरीतल्या हळदीत बोटाचा खळगा ताजा होता.

"काल संध्याकाळी मी कुपी घरी आणली," संजय भिंतीकडे बघत म्हणाला. "उल्काताई, माझा एकही पेपर असा गेला नाही जो तिनं आधी इथे ठेवला नाही. मी तिला हसायचो. सदतीस वर्षं हसलो. आणि परवा त्या शंतनुच्या मशीनवर ती बोटं दिसली आणि एकदम लक्षात आलं, की या पोरीचं एवढं मोठं भाषण, आणि तिच्यासाठी ठेवणारं कोणी नाही. नीलिमाचा फार जीव होता अक्षरावर."

"फॉइल काढलीस?"

"नीलिमा झाकलेलं ठेवायची नाही. पण मी विचार केला होता! खोलीतला दिवा घालवून लॅबमधला लाल दिवा लावला, पडदे ओढले. आत नुसती समई लावली. ज्योतीच्या पिवळ्या उजेडात त्या कुलपाला उघडेल असा प्रकाश जवळजवळ नसतोच, मी हिशेब केला. बाहेरचा कुठलाच उजेड आत यायला नको म्हणून हे दारही लावून घेतलं आणि खाली जाऊन बसलो. ज्योत विझेपर्यंत थांबलो, कुपी पुसली, कुंकू निघालं, हळद राहिली असणार. फॉइल लावली, सकाळी परत ठेवली." त्यानं आमच्याकडे पाहिलं. "तिचं औषध माझ्यामुळे बिघडलेलं नाही. शक्यच नाही. म्हणून मी म्हटलं, रेणू चालला नाही. तरीही मी तोंड उघडायला हवं होतं. लोराँवर आळ आला तेव्हाच. पण काय सांगू सगळ्या जगापुढे? की टेंबेनं रेणूची पूजा केली?"

मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात, वय झालं की.

उल्का देव्हाऱ्याकडे बघत उभी होती. तिला दिसत नव्हतं ते मला दिसलं, कारण ती माझी लाइन. देव्हाऱ्याच्या महिरपीभोवती दिव्यांची एक माळ गुंडाळलेली होती. बारीक, विझलेले मणी.

"ही माळ?" मी विचारलं.

"शेवटच्या दिवाळीत तिनं लावली. नंतर कधी लागलेली पाहिली नाही मी. बंद पडलीय."

मी वायर हातात घेतली आणि मागे मागे गेलो. कोटांच्या मागे ती सॉकेटला लावलेली होती. वायरीवर देव्हाऱ्याच्या पाठीमागे वाटाण्याएवढा एक काचेचा डोळा होता. अगदी अशीच माळ आमच्या पोर्चवर आहे. उल्का आणि नीलिमानं एकाच सेलमध्ये घेतल्या होत्या, आणि ती खांबांना बांधताना मी शिडीवरून पडता पडता वाचलो होतो. ती माळ मी विसरणं शक्य नव्हतं.

"संजय, आत ये," मी म्हणालो. "उल्का, तूही. आणि दार लावा."

"बाळासाहेब, आत जागा..." संजय मला म्हणाला.

"ये म्हणतो ना!"

तीन म्हातारी माणसं हिवाळी कोटांत घुसली. कोणाचा तरी हूड माझ्या तोंडावर आला. उल्कानं दार ओढून घेतलं. काळोख झाला. काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्यायला लागलो होतो.

आणि माळ लागली.

जांभळी. सगळीच्या सगळी जांभळी. नीलिमाचा आवडता रंग. देवांच्या चेहऱ्यांवर, कोयरीवर, संजयच्या पांढऱ्या दाढीवर तो उजेड पडला.

"अंधार झाला की लागते ही," मी म्हणालो. "उजेड दिसला की विझते. तो डोळा मागे आहे, त्याला समईचा उजेड दिसला नाही. तू दार लावलंस आणि ही लागली. दार उघडलंस, लाल दिव्याचा उजेड आत आला आणि विझली. तुला दिसणार कशी?"

संजय माळेकडे बघत होता. त्याला बहुधा अक्षराचं औषध, परिषद, काहीच त्या क्षणी आठवत नव्हतं.

"म्हणजे वर्षभर," तो म्हणाला. "वर्षभर ही इथे लागलेली होती? मी खाली एकटा बसायचो तेव्हाही?"

"हो," उल्का म्हणाली.

तो कोटांच्या खाली, बुटांच्या शेजारी मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. आम्ही दार उघडलं नाही. उघडलं असतं तर ती विझली असती.

७

बऱ्याच वेळानं तो खाली आला, तोंड धुऊन. त्यानं अक्षराला फोन लावला आणि म्हणाला, "बाळा, घरी येतेस? कुलूप तुझं पक्कं आहे. ते मी उघडलं."

अक्षरा आली. त्यानं तिला उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठेही सारवासारव केली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा भडकली, तेही योग्यच. "सर, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात रेणू चालला नाही! यू नो व्हॉट दॅट डिड टू मी?"

"माहीत आहे. उद्या सगळ्यांसमोरच परत घेणार आहे."

"सगळं सांगाल? देव्हाऱ्याचं पण?"

"ते सांगितल्याशिवाय फियोना दुसरी संधी कशी देईल? कारण हवंय ना तिला."

अक्षरा खुर्चीवर बसली. मग हळूच म्हणाली, "नीलिमामावशींनी माझं पहिलं पोस्टर ठेवलं होतं देवापुढे. मला माहीत होतं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या." तिनं पर्समधून दुसरी कुपी काढली. लॅबमध्ये उरलेल्या पावडरीची, उद्यासाठी, एका प्रयोगापुरतीच. गुळगुळीत फॉइलमध्ये लपेटलेली. "सर, ही पण ठेवू या."

"वेड लागलंय का तुला?"

"फॉइलसकट ठेवायची. दोन थर लावू. माळ लागू दे. मग उद्या डावी बशी चमकत राहिली, तर कुलूप उघडायला प्रकाशच लागतो, हेही सिद्ध होईल. कंट्रोल एक्सपेरिमेंट, सर."

 संजय उठून कोयरी घेऊन आला.

समारोपाच्या दुपारी प्रोफेसर संजय टेंबे मंचावर उभा राहिला आणि देशोदेशीच्या शास्त्रज्ञांपुढे त्यानं देव्हारा, समई, हळद, काळोख आणि जांभळी माळ, सगळं क्रमानं सांगितलं. आधी लोराँची माफी मागितली, मग अक्षराची. बोलताना त्याचा आवाज एकदाच अडला, "माझी पत्नी" या शब्दांवर. सभागृहात कोणी हसलं नाही. डॉ. मॅकलिन म्हणाल्या, "कारण मिळालं. दिवे घालवा."

पडद्यावर दोन बशा चमकल्या. दोन थेंब पडले. उजवी विझली. आम्ही सगळे श्वास रोखून डावीकडे बघत होतो. ती चमकत राहिली. अजून राहिली. शंतनु मागून "येस!" म्हणून ओरडला आणि मग टाळ्यांना पारावार उरला नाही. संजय माझ्याशेजारी डोळे गच्च मिटून बसला होता. मी त्याला कोपरानं ढोसलं, "अरे गाढवा, बघ तरी!"

त्यानं पाहिलं. मग खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि उघडली. साखर होती. चिमूटभर अक्षराच्या हातावर ठेवली, चिमूटभर आम्हा दोघांच्या, आणि अभिनंदन करायला आलेल्या लोराँच्याही.

लोराँ शास्त्रज्ञ पडला. त्यानं तळहातावरच्या साखरेकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "प्रोफेसर, यानं नेमकं काय होतं?"

"काहीच होत नाही," संजय म्हणाला. "खा."